ओळखीची खूण: हनुवटीवरचं गोंदण काढताना

माझ्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर जन्मतारीख, उंची वगैरेंच्या जोडीला 'ओळखीच्या खुणा' असा एक रकाना आहे. १९९७ साली मी नोकरीला लागले तेव्हाच्या लिपिकांनी त्यात झोकदार अक्षरात लिहिलं, 'हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके'. मला काही विचारलं नाही. मान वर करून एकदा बघितलं आणि लिहून टाकलं.

ते तीन ठिपके मी जानेवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२४ या काळात लेझरने काढून घेतले. त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच जणींनी लग्नाकार्यात हळूच बाजूला घेऊन विचारलं, खूप दुखतं का गं, किती घेतात, डाग राहतो का. सगळ्या चाळिशीपुढच्या, सगळ्यांच्या तोंडावर लहानपणचं गोंदण. प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. माझं जे झालं तेवढंच सांगणार आहे.

आमचं गाव सिन्नर तालुक्यातलं. गोंदलं तेव्हा, म्हणजे १९८३ साली, मी सात वर्षांची होते. सुगी उरकली की गोंदणारीण यायची. तिच्याजवळ दोऱ्याने एकत्र बांधलेल्या सुया आणि दिव्याची काजळी कसल्याशा पाल्याच्या रसात कालवून ठेवलेली वाटी असायची. आमच्या आळीतल्या पोरींना ओळीने बसवलं. पुढचीचं झालं की त्याच सुया लुगड्याच्या पदराला पुसून मागचीला. आईने माझे हात धरले, चुलतीने पाय. गोंदणारीण गाणं म्हणत होती, पण गाण्यातला एक शब्द आज आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की हनुवटीचं हाड आतून वाजतंय असं वाटत होतं. कपाळावर एक ठिपका आणि हनुवटीवर तीन. वरून हळद-तेल. मोबदला शेरभर बाजरी.

कपाळावरचा ठिपका मी पंधराव्या वर्षी स्वतःच घालवला. खायचा चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र करून लावला की गोंदण जातं, असं मैत्रिणीच्या बहिणीने सांगितलं होतं. रात्रभर लावून ठेवला. गोंदण गेलं, सोबत कातडीही गेली, आणि तिथे करवंदाच्या बी एवढा पांढुरका खळगा राहिला. तेव्हापासून तो टिकलीखाली आहे. म्हणून पहिली गोष्ट इथेच सांगते: चुना, सोडा, अ‍ॅसिड, मीठ घासणं, मोबाइलवर जाहिरात येणारी मलमं, यातलं काही करू नका. शाई कातडीच्या वरच्या थरात नसतेच, खालच्या थरात असते. वरून जाळत गेलं तर शाईच्या आधी तुम्हीच संपता.

हनुवटी मात्र टिकलीखाली लपत नाही. डी.एड.च्या वसतिगृहात एका मुलीने माझं नाव 'रांगोळी' पाडलं होतं, ठिपक्यांची असते ना, म्हणून. वाईट मनाची नव्हती ती. पण दोन वर्षं 'ए रांगोळी' अशी हाक ऐकल्यावर माणूस फोटोत हात हनुवटीला लावून विचार करत असल्यासारखा बसायला शिकतो. माझे १९९५ नंतरचे सगळे फोटो काढून बघा, मी प्रत्येक फोटोत विचार करतेय. मग पावडर आली, मग फाउंडेशन. एप्रिलच्या उन्हात शाळेत घाम आला की दुपारपर्यंत ठिपके परत हजर.

आता कुणी म्हणेल, गोंदण ही आपली परंपरा, तिची कसली लाज. मला गोंदणाची लाज नव्हती, आजही नाही. माझ्या आईच्या हातावरची तुळस मला फार आवडते. माझं म्हणणं एवढंच होतं, की मला कुणी विचारलं नव्हतं.

दिवाळी २०२२ च्या सुट्टीत एकदाचं ठरवलं. नवऱ्याला सांगितलं. ते पेपर वाचत होते. म्हणाले, "तुझं तोंड, तुझा पगार." याला मी होकार समजले.

पहिला फोन केला तोच फसला. नाशिकमधल्या एका ठिकाणचा नंबर मिळाला होता. "टॅटू काढायचाय," म्हटलं. पलीकडचा मुलगा खूश झाला. किती इंच, कुठे, रंगीत की काळा, सगळं विचारलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मोरपिसं, त्रिशूळ, राजमुद्रा, मनगटावरची पाखरं अशी चाळीस-पन्नास चित्रं पाठवली. मराठीत टॅटू काढणं आणि टॅटू काढणं याला क्रियापद एकच आहे, हे पंचवीस वर्षं भाषा शिकवून माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुम्ही फोन कराल तेव्हा 'लेझरने घालवायचाय' असं म्हणा.

डिसेंबरमध्ये आधी एका सरकारी रुग्णालयात गेले. केसपेपर काढला, त्वचा विभागाच्या रांगेत दोन तास उभी राहिले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी नीट बघितलं, पण लेझरचं यंत्र बंद होतं आणि कधी सुरू होईल ते त्यांनाही सांगता येईना. मात्र त्यांनी कागदाच्या मागे लिहून दिलं ते मला फार उपयोगी पडलं: 'क्यू-स्विच्ड एनडी-याग' लेझर असेल तिथेच जा, आणि करणारा माणूस त्वचारोगतज्ज्ञ आहे का ते विचारा. ब्यूटी पार्लरमध्ये केस काढायचं लेझर असतं, ते वेगळं. त्याने गोंदण काढायला गेलं तर कातडी भाजते.

मेडिकल बिलाचंही विचारून बघितलं. पंचायत समितीतले भाऊसाहेब हसले. "मॅडम, सौंदर्यासाठीचं मिळत नाही." सौंदर्यासाठी नाही हो, म्हणणार होते, मग कशासाठी ते त्यांना सांगत बसावं लागलं असतं. राहू दिलं.

७ जानेवारी २०२३, शनिवार. सकाळची शाळा आटोपून एसटीने नाशिकला सीबीएसवर उतरले आणि तिथून एका खासगी दवाखान्यात. तपासणी फी ५०० रुपये. डॉक्टरबाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असतील. त्यांनी आधी ठिपक्यांकडे नाही बघितलं, म्हणाल्या, "अंगावर जुना भाजल्याचा, टाक्याचा व्रण आहे का? दाखवा." मी टिकली काढली. कुणासमोर टिकली काढायची मला सवय नाही, जरा अवघडल्यासारखं झालं. त्यांनी बोट फिरवून बघितलं आणि समाधानाने मान हलवली. व्रण खोलगट होता, फुगून वाढलेला नव्हता. काही जणांच्या अंगावर व्रण झाला की तो गाठीसारखा वाढत जातो, अशांना लेझर जपून द्यावं लागतं. म्हणजे पंधराव्या वर्षीचा मूर्खपणा एवढ्यापुरता कामाला आला.

मग त्यांनी समजावून सांगितलं. काजळी म्हणजे कार्बन. काळा रंग लेझरचा उजेड चांगला शोषतो, त्यामुळे आपलं जुनं गोंदण हिरव्या-पिवळ्या टॅटूपेक्षा लवकर जातं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा झोत वापरतात, कारण तो कातडीच्या स्वतःच्या रंगाला कमी दुखावतो. झोत सेकंदाच्या अब्जाव्या भागांत मोजावा इतका छोटा असतो. तो शाई जाळून टाकत नाही, तिचे कण फोडतो. मी म्हटलं, ढेकूळ फोडल्यासारखं. त्या म्हणाल्या, अगदी तसंच, आणि फुटलेली माती मग तुमच्या रक्तातल्या पेशी हळूहळू वाहून नेतात. या वाहून नेण्याला वेळ लागतो म्हणून दोन वेळांमध्ये सहा ते आठ आठवडे सोडायचे. घाई केली तर शाई जात नाही, कातडी मात्र बिघडते. किती वेळा यावं लागेल? "चार ते आठ. हाताने गोंदलंय, कुठे किती खोल गेलंय ते आत्ता कळत नाही."

प्रत्येक वेळचे २,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,३६०. दवाखान्यात जीएसटी कसला, असं मीही विचारलं. आजारावरच्या उपचाराला नसतो, सौंदर्योपचाराला असतो. सरकारदरबारी दोन्ही खिडक्यांवर माझं काम सौंदर्याचंच ठरलं.

त्या दिवशी डाव्या ठिपक्याच्या कडेला एकच झोत मारून बघितला, महिनाभरात कातडी कशी वागते ते पाहायला. आणि रक्ताच्या तीन तपासण्या सांगितल्या: कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही. मी चमकले. "तुमच्या ओळीत त्या दिवशी किती मुली होत्या?" त्यांनी विचारलं. मोजलं तर अकरा. अकरा मुली, एकच सुयांचा जुडगा. चाळीस वर्षांत हे डोक्यात आलं नव्हतं. अहवाल यायला दोन दिवस लागले, ते दोन दिवस मला झोप नव्हती. सगळं निगेटिव्ह आलं. लेझर करा किंवा नका करू, लहानपणी असं ओळीत बसून गोंदलं असेल तर एकदा ही तपासणी करून टाका. मी माझ्या दोन चुलतबहिणींना जबरदस्तीने करायला लावली.

संक्रांतीला, १५ जानेवारीला, माहेरी गेले. आईला सांगायचं होतं पण कसं ते कळत नव्हतं. ती ७४ वर्षांची, नजर अजून घारीची. वाण देताना तिनेच हनुवटी धरून विचारलं, "ह्ये काय झालं?" सांगितलं. थोडा वेळ तिळगुळाचा डबा उघडझाप करत बसली.

"पैशे देऊन तोंड भाजून घेती व्हय?"

मी म्हटलं, "मला नको होतं ते. तुम्ही धरून बसवलं होतं."

मग तिने जे सांगितलं ते मला सत्तेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या आधी दोन मुलं झाली आणि गेली, एवढं ऐकून माहीत होतं. त्याचा आणि गोंदणाचा संबंध माहीत नव्हता. "तू तिसरी. आंगानं चांगली भरली. तुझी आजी म्हणली, दिष्ट लागंल, हिच्या तोंडाला काळं लाव. काजळाचं बोट रोज लावायचं, रोज आंघोळीला पुसायचं. गोंदलं म्हंजी मिटलं."

मी विचारलं, "मग तीन ठिपके कशाला?" वाटलं, आता ती काही तरी असं सांगेल की मला रडू फुटेल.

"एकाला बी शेरभर बाजरी आन् तीनाला बी शेरभरच. मंग एक कशाला गोंदायचा?"

दोघी हसलो. हसता हसता तिने माझ्या हनुवटीवरून अंगठा फिरवला. कारण कळल्यावर माझा राग गेला, हे खरं. काढायचं मात्र तसंच राहिलं. आईला ते पटलं असं नाही. निघताना म्हणाली, "मेल्यावर सोनं-नाणं हितंच काढून घेत्यात. गोंदण तेवढं संगं येतं." मी म्हटलं, हातावर घेईन की एखादं. "त्वा घेती," ती म्हणाली, आणि भांडी घासायला गेली.

४ फेब्रुवारी. पहिली बैठक. तासभर आधी बधिर करणारं मलम लावून वर प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवला. संमतीपत्रावर सही: डाग राहू शकतो, रंग उडू शकतो, रंग गडद होऊ शकतो, पूर्ण जाईलच असं नाही. घाबरवायला लिहिलेलं नाही, वाचून सही करा. प्रत्येक वेळी आधीचा फोटो काढतात, तो तुमच्याही मोबाइलवर मागून घ्या. मध्ये कधी तरी 'काहीच फरक नाही' असं वाटायला लागतं, तेव्हा हाच फोटो धीर देतो.

डोळ्यांवर जाड चष्मा बांधला. यंत्राचा टक-टक आवाज. प्रत्येक टकला रबरबँड ताणून सोडल्यासारखा चटका आणि केस जळल्याचा वास. तीन ठिपक्यांना मिनिटभरही लागलं नाही. मलम लावूनही दुखलं, पण सुयांइतकं नाही. किंवा असेल तेवढंच, पण या वेळी हात कुणी धरले नव्हते. ठिपके एकदम पांढरेफटक झाले. मला वाटलं, गेले! डॉक्टरबाई म्हणाल्या, थांबा, हा आतला वायू आहे, पंधरा-वीस मिनिटांत उतरेल. उतरला. खाली माझे तीन ठिपके होते तसे, भोवती लाल सूज.

चार दिवसांनी खपल्या धरल्या. खपली नखाने काढायची नाही, मलम लावून ओलसर ठेवायची, आपोआप पडेल तेव्हा पडेल. करोनाच्या काळातले मास्क घरात उरले होते, ते लावून वर्गात गेले. तिसऱ्या दिवशी मास्क खाली घसरला. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, मांजराने बोचकारलं?" मी हो म्हटलं. पुढचे आठ दिवस मांजराचं नाव काय, रंग काय, त्याला मारलं का, यावर वर्गात चर्चा होती. मी घरी नसलेल्या मांजराचं नाव 'बिजली' ठेवलं.

दुसरी बैठक १ एप्रिलला. तोवर एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, मार्चपासून, त्यामुळे प्रवासाचा भार निम्मा. ठिपके काळ्याचे राखाडी झाले होते. आणि इथे माझी चूक झाली. उन्हात सनस्क्रीन लावल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, दर तीन तासांनी परत लावायची, हे मला दोनदा बजावलं होतं. पण मे महिना, लग्नसराई, घरात दोन हळदी. मांडवात कोण तीन-तीन तासांनी तोंडाला क्रीम लावत बसतं? जूनच्या सुरुवातीला बघते तर ठिपक्यांभोवती तपकिरी कडं. गोंदणापेक्षा ते कडंच जास्त दिसायला लागलं. ३ जूनची वेळ डॉक्टरबाईंनी रद्द केली, न रागावता, रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. रात्री लावायचं एक मलम दिलं, आणि तिसरी बैठक २४ जूनला झाली. कडं पूर्ण जायला दिवाळी उजाडली. तुम्हाला निवड असेल तर पावसाळ्यात सुरू करा आणि उन्हाळ्यात मोठी फट ठेवा. सनस्क्रीनची बाटली साधारण सहाशे रुपयांना, वर्षात चार लागल्या.

दवाखान्याच्या बाकावर भरतीची तयारी करणारी पोरं भेटायची. एकाच्या उजव्या दंडावर एका मुलीचं नाव होतं, यात्रेत मशीनने काढलेलं. सैन्यात कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या पाठीवर टॅटू चालतो, दंडावर चालत नाही, हे त्याला मैदानी सराव सुरू केल्यावर कळलं होतं. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सूट असते, ते आपल्याला लागू नाही, हेही तो शोधून आला होता. मी विचारलं, मुलगी काय म्हणते? "तिचं लग्न झालं, मॅडम." बारा बैठका झाल्या होत्या त्याच्या. शेवटचं अक्षर जात नव्हतं. यात्रेतल्या मशीनची शाई कसली असते ते देवच जाणे, डॉक्टरबाईसुद्धा त्याला नक्की आकडा सांगत नव्हत्या.

मला त्या वर्षात लोकांचे हातच दिसायचे. कंडक्टरच्या मनगटावर 'आई'. भाजीवालीच्या हातावर नवऱ्याचं नाव. तिला विचारलं तर म्हणाली, तोंडाने घ्यायचं नाही ना, मग हातावर घेतलं. हे मला फार आवडलं.

आणि याच सगळ्यात, ऑगस्टमध्ये, माझ्या मुलीचा फोन. ती पुण्यात नोकरी करते, २३ वर्षांची. "मम्मी, मी टॅटू काढतेय. आज्जीच्या हातावरची तुळस. येशील का सोबत?" त्या घटकेला मी टॅटू काढत होते आणि तीही टॅटू काढत होती.

गेले. खरं सांगते, थोडी रागातच गेले. मी पैसे मोजून घालवतेय आणि ही पैसे मोजून घेतेय, ४,००० रुपये. स्टुडिओ स्वच्छ होता. कलाकाराने आमच्यासमोर सीलबंद सुई फोडली, शाई छोट्या टोपणात काढून घेतली, उरलेली फेकली. फॉर्ममध्ये वय, मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, अ‍ॅलर्जी. मला ती काजळीची वाटी आणि अकरा पोरी आठवत होत्या. आईच्या हाताच्या फोटोवरून त्याने छापा बनवला. वृंदावनाची उजवी रेघ आईच्या हातावर जरा खाली घसरलीय, गोंदताना तिने हात ओढला होता म्हणे, ती नऊ वर्षांची होती. कलाकार म्हणाला, ही सरळ करून घेऊ. मुलगी म्हणाली, "नाही. वाकडीच ठेवा." तिथे माझा राग संपला.

मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. "काकू, तुमच्या हनुवटीचा फोटो घेऊ? एकदम ऑथेंटिक आहे." मी म्हटलं, "हे दुकान बंद व्हायला आलंय, दादा. उधारी गोळा करणं चाललंय." तरी त्याने घेतला, मी घेऊ दिला. त्या फोटोत मी हात हनुवटीला लावलेला नाही.

(मुलींनो, एक लक्षात ठेवा. डिसेंबरमध्ये तिच्या ऑफिसात रक्तदान शिबिर झालं, तिला परत पाठवलं. टॅटूनंतर वर्षभर रक्त घेत नाहीत. नेहमी रक्त देणारी असाल तर आधी देऊन या.)

२ सप्टेंबरला चौथी, १८ नोव्हेंबरला दिवाळीच्या सुट्टीत पाचवी. बाजूचे दोन ठिपके पाचव्यानंतर गेले. मधला हट्टी, तिथे सुई खोल गेली होती. ३ फेब्रुवारी २०२४ ला सहावी. त्यानंतर तिरक्या उन्हात बघितलं तर मधल्या जागी कातडीचा रंग किंचित फिका दिसतो, समोरून नाही. सातवी करू या का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. मी म्हटलं, पुरे. सहा बैठकांचे १४,१६०, बाकी तपासण्या, मलमं, सनस्क्रीन आणि एसटी धरून सगळे मिळून १९ हजारांच्या आसपास गेले.

काढून टाकल्यावर फार काही तरी वाटेल असं मला वाटलं होतं. पहिल्या दिवशी आरशासमोर गेले आणि सवयीने पावडरचा पफ हनुवटीवर दाबला. महिनाभर हे चाललं. नवऱ्याला आठ दिवसांनी कळलं. शेजारणीला कळलंच नाही, ती म्हणाली, बारीक झालात का? आईने मात्र अंगठा फिरवून बघितला आणि म्हणाली, "आता तुला कोण बगतंय? पन्नाशीला आली, दिष्ट नाय लागायची." तिच्यापरीने तिने परवानगी दिली.

जुलै २०२४ मध्ये पंचायत समितीत सेवापुस्तक पडताळणीला गेले. पहिल्या पानावरच्या नोंदी दर पाच वर्षांनी पुन्हा तपासून साक्षांकित करायच्या असतात. भाऊसाहेबांनी रकाना वाचला, माझ्याकडे बघितलं, परत रकाना वाचला.

"मॅडम, ठिपके कुठायत?"

"काढले."

"असं कसं काढले? पेन्शनच्या कागदांत खुणा लागतात. हिचा मेळ बसायला नको?"

माझ्या निवृत्तीला दहा वर्षं होती, पण त्यांचं बरोबर होतं. अर्ज लिहून द्यावा लागला, साध्या कागदावर, 'वैद्यकीय उपचाराने गोंदण काढले असल्याने'. सोबत दवाखान्याच्या पावतीची छायांकित प्रत. गटशिक्षणाधिकारी साहेब बैठकीला गेले होते म्हणून दोन तास थांबले. "मग दुसरी खूण सांगा," भाऊसाहेब म्हणाले. "तीळ वगैरे?" तीळ नव्हता. मी टिकली काढून त्यांच्या पेनच्या स्टँडवर चिकटवली. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि लिहिलं, 'कपाळाच्या मध्यभागी भाजल्याचा व्रण'.

मी विचारलं, जुनी नोंद व्हाइटनरने पुसणार का?

"छे छे. सेवापुस्तकात खाडाखोड चालत नाही. जुनं वाचता आलं पाहिजे."

त्यांनी पट्टी लावली आणि 'हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके' यावरून लाल पेनने एकच आडवी रेघ मारली. बाजूला साहेबांची सही आणि तारीख. मी टिकली परत लावली आणि चारची एसटी धरली.